कर्ज भावाचं, जप्ती आपल्या ट्रॅक्टरवर: हरकत कुणी, कधी आणि कुठे घ्यायची?

सकाळचे साडेदहा. गोठ्यापुढच्या शेडजवळ कोर्टाचा बेलीफ, दोन पंच आणि पैसे येणे असलेल्या व्यापाऱ्याचा माणूस उभे आहेत. हुकूमनामा थोरल्या भावावर झालेला. शेडमधला ट्रॅक्टर मात्र धाकट्याने घेतलेला. "साहेब, कर्ज दादाचं हाय, ट्रॅक्टर माझा हाय," धाकटा सांगतो. बेलीफचं उत्तर ठरलेलं: "तुमचं खरं असेल हो, पण ते ठरवायचा अधिकार मला नाही. कोर्टात हरकत द्या." पंचनामा होतो, सह्या होतात, ट्रॅक्टर जप्त होतो.

असा प्रसंग चिकोडीत घडतो, गडहिंग्लजला घडतो, डिचोलीत आणि इंदूरलाही घडतो. गाव बदलतं, माल बदलतो. कुठे यंत्रमागावरचं सूत असतं, कुठे बायकोचे दागिने, कुठे भाडेकरूच्या दुकानातला माल. प्रश्न मात्र तोच राहतो. कोर्टाचा निकाल एकावर असताना जप्ती दुसऱ्याच्या वस्तूवर आली, तर त्या दुसऱ्याने काय करायचं?

कायद्यात याचं उत्तर आहे आणि ते बऱ्यापैकी स्पष्ट आहे. पण गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने वसुलीच्या कामाला जो वेग द्यायला सांगितलं आहे, त्यामुळे त्या उत्तरासाठी मिळणारा अवधी आखडत चालला आहे. खोट्या हरकतदाराला त्यातून चाप बसेल, ते योग्यच. खरी भीती आहे ती खऱ्या मालकाची, ज्याच्याकडे वस्तू आहे पण कागद नाही.

आता हा विषय का?

दावा जिंकला म्हणजे पैसे मिळाले असं आपल्याकडे कधीच नव्हतं. पक्षकाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, हे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवलं होतं. दीडशे वर्षांनंतरही चित्र फारसं बदललेलं नाही. निकालाच्या अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला कोर्टाच्या बोलीत 'दरखास्त' म्हणतात. या दरखास्ती वर्षानुवर्षं पडून राहतात.

२२ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राहुल शहा विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी या बंगळुरूहून आलेल्या प्रकरणात देशभरच्या कोर्टांना सूचना दिल्या. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढा, उशीर झाला तर कारण लेखी नोंदवा, असं त्यात सांगितलं. त्रयस्थाचा अर्ज आला म्हणून यांत्रिकपणे नोटीस काढू नका, आणि हरकत खोडसाळ असेल तर भरपाईचा खर्च बसवा, हेही त्याच निकालात आहे.

६ मार्च २०२५ रोजी पेरियाम्मल विरुद्ध राजामणी या तामिळनाडूतल्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. १९८० च्या दशकातला दावा, निकाल बाजूने लागलेला, तरी ताबा मिळत नव्हता. कारण त्रयस्थांनी 'आम्ही कूळ आहोत' म्हणून आडकाठी घातली होती. न्यायालयाने सगळ्या उच्च न्यायालयांना प्रलंबित दरखास्तींची माहिती गोळा करायला लावली आणि सहा महिन्यांत काम न झाल्यास संबंधित न्यायाधीशाला उच्च न्यायालयापुढे उत्तर द्यावं लागेल, असं बजावलं.

त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये आकडे समोर आले. देशात ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती प्रलंबित. मधल्या सहा महिन्यांत ३ लाख ३८ हजारांच्या आसपास निकाली निघालेल्या. सर्वाधिक प्रलंबित प्रकरणं महाराष्ट्रात, सुमारे ३ लाख ४१ हजार. कर्नाटक उच्च न्यायालयाने तर तोवर आकडेवारीच दिलेली नव्हती, त्याबद्दल त्याच्याकडून खुलासा मागवण्यात आला.

सीमाभागाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. सर्वात मोठा ढीग महाराष्ट्राच्या बाजूला, आणि कर्नाटकच्या बाजूचा ढीग केवढा ते त्या वेळी कुणालाच सांगता येत नव्हतं. दोन्ही बाजूंची कोर्टं आता दरखास्ती रेटणार. वॉरंट जास्त निघणार, बेलीफ जास्त दारांत जाणार. आणि जितक्या जप्त्या वाढतील, तितक्या चुकीच्या दारातल्या जप्त्याही वाढतील.

बेलीफ मालकी पाहत नाही, ताबा पाहतो

अनेकांचा राग बेलीफवर निघतो. पण त्याच्या हातात न्यायनिवाडा नसतो. ज्याच्या ताब्यात वस्तू, तो तिचा मालक असं कायदा सुरुवातीला गृहीत धरतो. 'तसं नाही' म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. जंगम माल कर्जदाराच्या ताब्यात दिसला की बेलीफ तो प्रत्यक्ष उचलून कोर्टाच्या ताब्यात घेतो किंवा कुणाच्या तरी सुपूर्तनाम्यावर ठेवतो.

तरीही त्याला मर्यादा आहेत, आणि त्या घरच्यांना माहीत असायला हव्यात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६२ प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात जप्तीसाठी शिरता येत नाही. घराचं बाहेरचं दार फोडायचं तर ते घर कर्जदाराच्याच वहिवाटीत असलं पाहिजे आणि त्याने आत यायला अडवलं असलं पाहिजे. म्हणजे भावाच्या कर्जासाठी बहिणीच्या घराचं दार फोडता येत नाही.

कलम ६० प्रमाणे काही वस्तू कर्जदाराच्या स्वतःच्या असल्या तरी जप्त होत नाहीत. घरच्यांचे अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि पोटापाण्यासाठी लागणारी जनावरं व बियाणं त्यात येतं. शेतकरी, मजूर किंवा घरगडी यांचं स्वतःचं राहतं घरही येतं. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून काढता न येणारे दागिने सुटतात, मंगळसूत्र हे त्याचं सरळ उदाहरण. पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भागही सुटतो. पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र वेगळा हिशेब लागतो.

ही सूट कर्जदाराची. तिऱ्हाइताची हरकत वेगळी असते. तो म्हणतो, 'ही वस्तू मुळात त्याची नाहीच.'

नियम ५८ काय सांगतो

या हरकतीची जागा आहे संहितेचा आदेश २१, नियम ५८. जप्त झालेली मिळकत जप्तीस पात्र नाही असं कुणी म्हटलं, तर जप्ती करणाऱ्या कोर्टाने त्या दाव्याचा निवाडा करायचा. मालकी, हक्क, हितसंबंध हे सगळे प्रश्न तिथेच सुटतात. त्यासाठी वेगळा दिवाणी दावा करायचा नसतो.

पूर्वी तसं नव्हतं. १९७६ च्या दुरुस्तीआधी कोर्ट वरवरची चौकशी करायचं आणि हरलेल्या बाजूला वर्षभरात नवा दावा लावावा लागायचा. एका ट्रॅक्टरसाठी दोन खटले. दुरुस्ती १९७७ पासून लागू झाली आणि हरकतीवरच्या हुकुमाला हुकूमनाम्याइतकंच बळ मिळालं. त्यावर अपील होतं, पण नवा डाव मांडता येत नाही. त्यामुळे हा अर्ज म्हणजे सहज लिहून द्यायचं पत्र नव्हे. तो जवळजवळ एक दावाच असतो, आणि त्यात साक्षीपुराव्याची एकच संधी असते.

कोर्टापुढे चार वाटा असतात. माल पूर्ण किंवा अंशतः सोडणं, हरकत फेटाळणं, एखाद्या बँकेचा बोजा मान्य करून त्या बोजासह जप्ती चालू ठेवणं, किंवा परिस्थितीला योग्य असा दुसरा हुकूम करणं.

दोन दारं, जी आपोआप बंद होतात

याच नियमात दोन अटी आहेत आणि बहुतेक खरे हरकतदार तिथेच अडकतात. हरकत येण्याआधीच मालाची विक्री झाली असेल तर कोर्ट ती ऐकत नाही. आणि हरकत मुद्दाम किंवा विनाकारण उशिरा आणली असं वाटलं तरी ऐकत नाही. मग वेगळा दावा लावण्याचा मार्ग उरतो, पण तोवर माल हातातून गेलेला असतो.

जमिनीच्या लिलावाला निदान विक्री कायम होईपर्यंत काही काळ मिळतो. जंगम मालाचं तसं नाही. लिलावात बोली संपली, पैसे भरले की विक्री पक्की. नाशवंत माल तर कोर्ट लगेच विकायला सांगू शकतं. म्हणून 'पुढच्या तारखेला बघू' हा सल्ला ट्रॅक्टर, म्हशी, सूत किंवा दागिन्यांच्या बाबतीत घातक ठरतो.

लिलावाची जाहिरात निघाली असली तरी आशा संपत नाही. नियम ५९ खाली हरकतीचा निवाडा होईपर्यंत जंगम मालाची विक्री पुढे ढकलता येते. त्यासाठी कोर्ट जामीन किंवा तारण मागू शकतं. पण हे आपसूक होत नाही. हरकतीबरोबरच विक्री थांबवण्याची मागणी करावी लागते.

नातं नव्हे, मालकी

'मी त्याचा भाऊ', 'मी त्याची बायको' हे हरकतीचं कारण होऊ शकत नाही. जप्तीच्या दिवशी त्या वस्तूत आपला कोणता हक्क होता, हे दाखवावं लागतं. एकत्र कुटुंबात नेमकं हेच अवघड असतं, कारण वस्तू वापरतात सगळे आणि पावती असते कुणा एकाच्या नावावर, कधी कुणाच्याच नाही.

धाकट्याच्या ट्रॅक्टरचंच बघा. आरसी त्याच्या नावावर असेल, हप्ते त्याच्या खात्यातून गेले असतील, विमा त्याच्या नावाचा असेल, तर हरकत भक्कम. पण सीमाभागात वाहन कोल्हापूरला घेतलं, नोंद मामाच्या पत्त्यावर, चालतं बेळगाव जिल्ह्यात, विकून दोन वर्षं झाली तरी नाव बदललेलं नाही, असं सर्रास आढळतं. चार पैसे आणि आरटीओची एक फेरी वाचवलेली असते. जप्तीच्या दिवशी तीच फेरी महागात पडते. ट्रॅक्टर दोघा भावांचा सामाईक असेल तर तो उचलून नेणंच नियमात बसत नाही. सामाईक जंगम मालातला कर्जदाराचा फक्त हिस्सा जप्त होतो, तोही हस्तांतराला मनाई करणाऱ्या नोटिशीने. पण सामाईक आहे हे पुन्हा कागदानेच दाखवायचं.

बायकोच्या दागिन्यांचं दुखणं याहून जुनं. स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता, नवऱ्याच्या कर्जाला ती बांधील नाही. १९८५ च्या प्रतिभा राणी प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालय हे सांगत आलं आहे. पण माहेरहून आलेल्या पाटल्यांची पावती कोण जपून ठेवतो? सराफाचं बिल, लग्नातले फोटो, याद्या, गहाण ठेवले असतील तर बँकेची पावती, हेच मग साक्षीला येतात. कपाट नवऱ्याच्या घरात असतं, त्यामुळे ताब्याचं गृहीतक तिच्या विरुद्ध जातं. कागदाच्या कमतरतेची झळ सर्वात जास्त बायकांना बसते, ती अशी.

मुलांचं काय? बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य, ही जुनी कल्पना २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने नव्या कर्जांपुरती मोडीत काढली. त्यानंतर घेतलेल्या कर्जासाठी फक्त त्या कर्तव्याच्या आधारे मुलाच्या किंवा नातवाच्या हिश्शावर जाता येत नाही. त्याच दुरुस्तीने मुलींनाही सहहिस्सेदार केलं, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीवर जप्ती आली तर लेकीही आपल्या हिश्शापुरती हरकत घेऊ शकतात. मात्र कर्त्याने कुटुंबाच्या गरजेसाठी काढलेलं कर्ज असेल तर चित्र वेगळं होतं. वडील वारले असतील तर वारस त्यांच्याकडून हाती आलेल्या मिळकतीपुरतेच जबाबदार असतात.

धंद्यातही तेच. इचलकरंजीत किंवा बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात माग एकाचे आणि सूत दुसऱ्याचं अशी कामाची पद्धत आहे. खर्चीवाल्या यंत्रमागधारकाकडे मजुरीवर विणायला आलेलं सूत त्याच्या कर्जापोटी जप्त झालं, तर व्यापाऱ्याला हरकत घेता येते. चलन, ई-वे बिल, मजुरीची बिलं आणि वहीतली नोंद हा त्याचा पुरावा. गॅरेजमध्ये दुरुस्तीला दिलेली गाडी, सोनाराकडे मोडीला दिलेला हार, भाड्याच्या गाळ्यातला भाडेकरूचा माल यांचंही तसंच.

ऊसपट्ट्यात आणखी एक प्रकार आहे. पीक एकाचं आणि कारखान्यात ऊस नोंद दुसऱ्याच्या नावावर. इकडचा ऊस तिकडच्या राज्यातल्या कारखान्याला जातो आणि बिल नोंदीप्रमाणे निघतं. नोंद ज्याच्या नावावर त्याच्यावर हुकूमनामा असला, तर कारखान्याला बिल थांबवण्याचा मनाई हुकूम जातो. ते पैसे तिसऱ्याच माणसाचे आहेत असं दिसलं तर कोर्ट त्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐकू शकतं, संहितेत तशी सोय आहे. पण कारखाना स्वतःहून 'हा ऊस खरा कुणाचा' हे सांगायला जाणार नाही.

खोटी हरकत ओळखू येते

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हुकूमनामा घेऊन हिंडणारा प्रत्येक जण सावकार नसतो. अपघातात कमावता माणूस गेलेलं घर असतं, मजुरी थकलेला कामगार असतो, उधारीवर माल देऊन बसलेला छोटा दुकानदार असतो. दहा वर्षं दावा लढून त्याने जिंकलेला असतो. मग एक दिवस कर्जदाराचा मेहुणा उभा राहतो, 'हा माल माझा.' तो फेटाळला की चुलता येतो.

कायदा अशा खेळी ओळखतो. जप्तीनंतर कर्जदाराने केलेली विक्री किंवा बक्षीसपत्र कलम ६४ प्रमाणे जप्तीच्या हक्कापुढे टिकत नाही. जप्तीपूर्वी नोंदवलेल्या कराराच्या पूर्ततेसाठी झालेलं हस्तांतर एवढा अपवाद २००२ मध्ये जोडला गेला. धनकोला बुडवण्याच्या हेतूने आधीच केलेलं हस्तांतरही मालमत्ता हस्तांतर कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द होऊ शकतं. खोटं शपथपत्र हा स्वतंत्र गुन्हा आहे.

प्रामाणिक खरेदीदाराला मात्र संरक्षण आहे. १९९१ च्या हमदा अम्माळ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खरेदीखत निकालपूर्व जप्तीच्या आधी झालं असेल आणि नोंदणी नंतर झाली असेल, तरी खरेदीदाराचा हक्क वरचढ. म्हणजे शेवटी तारखांवर बरंच ठरतं. खत कधी झालं, पैसे कोणत्या खात्यातून कधी गेले, जप्ती कधी आली. नोटीस आल्यावर आठ दिवसांनी केलेलं बक्षीसपत्र कुणाच्याही नजरेत भरतं.

सीमा ओलांडली की

दिवाणी प्रक्रिया संहिता दोन्ही राज्यांत एकच आहे. तरी राज्याची हद्द आली की घोळ होतोच. कोर्टाला स्वतःच्या हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालावर हुकूमनामा बजावता येत नाही. २००२ च्या दुरुस्तीने कलम ३९ मध्ये हे स्पष्ट केलं आणि २००७ मध्ये मोहित भार्गव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. गडहिंग्लजचा हुकूमनामा चिकोडीतल्या मालावर चालवायचा तर तो चिकोडीच्या कोर्टाकडे पाठवावा लागतो. घाई असेल तर कलम ४६ खाली तिकडच्या कोर्टाला जप्तीची विनंती जाते, पण ती जप्ती मुदत वाढवली नाही तर दोनच महिने टिकते.

हरकतदाराने यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, हरकत द्यायची ती जप्ती करणाऱ्या कोर्टात. मूळ निकाल कोल्हापूर जिल्ह्यातला म्हणून तिकडे धावण्यात दोन आठवडे गेले, तर इकडे लिलाव उरकलेला असू शकतो. दोन, हुकूमनामा रीतसर वर्ग न होता दुसऱ्या राज्यातला बेलीफ दारात आला असेल, तर तोच पहिला मुद्दा. वॉरंट कोणत्या कोर्टाचं आहे ते वाचून घ्यावं, तारीख आणि दरखास्तीचा नंबर लिहून घ्यावा. पंचनाम्यावर सही करण्याआधी 'ही वस्तू माझी आहे, कर्जदाराची नाही' एवढं वाक्य नोंदवायला सांगावं. ते एक वाक्य पुढे 'उशिरा सुचलेली हरकत' हा आरोप खोडून काढायला उपयोगी पडतं.

भाषेचा प्रश्न इथे निव्वळ अस्मितेचा राहत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खालच्या कोर्टांचं काम कन्नड आणि इंग्रजीत चालतं. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या हाती कन्नड नोटीस पडते, तो ती दिवाळीनंतर कुणाकडून तरी वाचून घेऊ म्हणून खुंटीला लावतो. कायद्याने त्याचं दार बंद केलेलं नसतं. पण विनाकारण उशीर झाला का, हे कोर्ट बघणार, आणि 'मला वाचता आलं नाही' हे कारण प्रत्येक न्यायाधीश मान्य करेलच असं नाही. नोटीस आली त्याच दिवशी अर्थ समजून घेणं, हाच त्यावर आजचा उपाय.

गोव्याची गोष्ट आणखी निराळी. तिथे लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर साधारणपणे पतीपत्नीची मिळकत सामाईक मानली जाते आणि प्रत्येकाचा निम्मा वाटा धरला जातो. त्यामुळे एकट्या नवऱ्यावर हुकूमनामा असताना अख्ख्या मालावर जप्ती आली, तर बायको आपल्या निम्म्या वाट्याचा मुद्दा मांडू शकते. कर्ज एकट्याचं की संसारासाठी काढलेलं, यावर पुढचं ठरतं. कोल्हापूर किंवा बेळगावच्या व्यापाऱ्याला गोव्यात वसुलीला गेल्यावर हे ठाऊक नसलं की धक्का बसतो.

निकाल विरुद्ध गेला तर अपील आहेच, रकमेप्रमाणे आणि कोर्टाच्या दर्जाप्रमाणे जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात. बेळगावकरांना त्यासाठी धारवाडचं खंडपीठ आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच मिळालं, त्यामुळे मुंबईची वारी टळली.

प्रत्येक जप्ती कोर्टाची नसते

पतसंस्थेचा वसुली अधिकारी दारात आला म्हणून नियम ५८ घेऊन दिवाणी कोर्टात धावलं, तर परत यावं लागण्याची शक्यता जास्त. महाराष्ट्रात सहकारी संस्थांची वसुली १९६१ च्या सहकारी संस्था नियमांतल्या नियम १०७ ने चालते आणि तिथे त्रयस्थाची हरकत वसुली अधिकारीच तपासतो. कर्नाटकात १९५९ चा वेगळा सहकार कायदा आहे. सीमाभागात दोन्हीकडे शाखा असलेल्या मल्टिस्टेट संस्था बऱ्याच, त्यांना २००२ चा केंद्रीय कायदा लागतो. बँकेने सरफेसी कायद्याखाली तारण ताब्यात घेतलं असेल तर दाद ऋणवसुली न्यायाधिकरणात मागायची.

म्हणून पहिला प्रश्न 'माल कुणाचा' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'ही जप्ती कुणाच्या हुकुमाने?' ते कागदाच्या माथ्यावर लिहिलेलं असतं.

घाईतला न्याय कुणाच्या बाजूने?

सहा महिन्यांची मुदत योग्य आहे. हुकूमनामा घेऊन म्हातारा झालेला माणूस सीमेच्या दोन्ही बाजूंना भेटतो आणि त्याला 'अजून थोडं थांबा' म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण आकडा खाली आणायचा म्हणून हरकत न ऐकताच फेटाळली जाऊ लागली, तर एका माणसाचा न्याय दुसऱ्याच्या गोठ्यातून वसूल होईल. सर्वोच्च न्यायालयाने खोडसाळ हरकतींवर बडगा उगारायला सांगितलं आहे. खऱ्या हरकतीचा निवाडा करण्याचं कोर्टाचं कर्तव्य त्याने काढून घेतलेलं नाही. हा फरक खालच्या कोर्टात, शंभर प्रकरणांच्या बोर्डावर, किती पाळला जातो यावर बरंच अवलंबून राहील.

उपाय फार मोठे नाहीत. जप्तीच्या वेळी त्रयस्थाने केलेलं निवेदन पंचनाम्यात घेणं बेलीफला सक्तीचं केलं, हरकत कुठे आणि कधीपर्यंत द्यायची याचा कागद सीमाभागात मराठी व कन्नड दोन्हींत दिला, आणि तालुका विधी सेवा समितीकडून पहिल्या आठवड्यातच मोफत वकील मिळाला, तर मुदतीला धक्का न लावता बरेच अन्याय टळतील. विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळू शकते, हे तर आजही लागू आहे. माहीत नाही एवढंच.

आणि घराघरांत एक सवय लागायला हवी. भावाभावांत हिशेब लिहिणं म्हणजे अविश्वास, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात त्या ट्रॅक्टरची आरसी, त्या पाटल्यांची पावती, त्या सुताचं चलन ज्याच्या त्याच्या नावाने जपून ठेवलं, तर थोरल्याच्या कर्जापायी धाकट्याचा संसार मोडत नाही. भाऊबंदकी कागदाने होत नाही. ती सुरू होते जप्तीच्या दिवशी, कागद सापडत नाही तेव्हा.